कर्णा मुका झाला, पण मशीनला पत्ताच नाही

‘हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग, वन... टू... थ्री...’ हे वाक्य मराठी की कन्नड, असे कुणी विचारले तर आपल्या सीमाभागातल्या माणसाला उत्तर देणे अवघड जाईल. निपाणीचे गणेश मंडळ असो, जतची जत्रा असो, अथणीतली शेतकऱ्यांची सभा असो की अक्कलकोटचा सप्ताह. ते एकाच सुरात, एकाच लयीत ऐकू येते. भाषणे पुढे आपापल्या भाषेत होतात. माईकची चाचणी मात्र सगळ्यांची एकच.

पण या चाचणीत एक गंमत आहे. जो माणूस ‘वन टू थ्री’ म्हणतो तो मशीनपाशी उभा असतो. (ॲम्प्लिफायरला आपल्याकडे मशीनच म्हणतात, आणि तेच बरे वाटते.) त्याला ऐकू येतो तो जवळचा कर्णा. तळ्याच्या बांधावरच्या लिंबाला बांधलेला चौथा कर्णा जिवंत आहे की नाही, हे त्याला कळत नाही, आणि मशीनलाही कळत नाही. मशीनवरचा लाल दिवा लागलेला असतो, काटा तालावर नाचत असतो, बॅटरी भरलेली असते. सगळे ठीक दिसते. फक्त त्या टोकाच्या वस्तीत आवाज गेलेला नसतो. मग कुणीतरी सायकलवरून येऊन सांगतो, ‘अण्णा, आमच्याकडं आवाज बरवल्दु!’ तेव्हा कुठे शिडी आणि पक्कड बाहेर निघते.

लग्नात किंवा भजनात असे झाले तर हसून सोडून देता येते. पण आवाज वेळेवर पोचणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असेल तर? तुटलेला स्पीकर कसा ओळखायचा, हे वरवर पाहता मेकॅनिकचे किरकोळ काम. त्याच्या मागे लागत गेले की ते आपल्याला थेट भोपाळपर्यंत घेऊन जाते. ते कसे, ते पाहू. आधी मशीनची भाषा समजून घेऊ.

काटा नाचतो, पाणी येत नाही

आपल्या वाचकांत शेतकरी बरेच आहेत, त्यांना हे चटकन कळेल. विहिरीवर मोटर चालू आहे, पण बांधावरचा कॉक बंद आहे. पाइपात दाब पुरेपूर, मोटरचा आवाजही नेहमीचा, पण उसाला थेंबभर पाणी नाही. आता स्टार्टरच्या पेटीवर दोन मीटर असतात. व्होल्ट दाखवणारा आणि अँपिअर दाखवणारा. व्होल्टचा काटा जागचा हलत नाही. अँपिअरचा मात्र खाली येतो. पाणी तुटले की अँपिअर पडतो, हे आपल्याकडे दहावी नापास पोरालाही ठाऊक असते. विहिरीचे पाणी संपले की मोटर आपोआप बंद करणारी पेटी याच तत्त्वावर चालते.

ॲम्प्लिफायरचे नेमके तेच आहे. त्याच्या तोंडावर नाचणारा काटा बहुतेक वेळा व्होल्ट पाहून नाचतो. स्पीकर जोडलेला असो वा नसो, मशीन आपले व्होल्ट देतच राहते. वायर तुटली असेल तर त्या व्होल्टांमागून करंट जात नाही, एवढाच फरक. म्हणून तुटलेला स्पीकर ओळखायचा तर करंट पाहिला पाहिजे. त्यासाठी स्पीकरच्या वाटेत अगदी लहान अडथळा घालतात, ओहमच्या दहाव्या हिश्श्याएवढा. करंट वाहिला की त्या अडथळ्याच्या दोन टोकांमध्ये किंचित व्होल्ट उमटतात. मशीन एकीकडे स्वतःचे व्होल्ट पाहते, दुसरीकडे हे किंचित व्होल्ट पाहते. पहिले आहेत आणि दुसरे नाहीत, म्हणजे वाट तुटली. दुसरे भलतेच वाढले, म्हणजे कुठेतरी वायरला वायर टेकली. सर्किट म्हणून यात फार काही नाही. दोन आकडे ताडून पाहणारी एक चिमुकली चिप पुरते.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. व्हॉल्व्हच्या जमान्यातली मशीन ज्यांनी वापरली आहेत, त्यांना उस्तादांनी पहिला धडा दिला असेल तो म्हणजे ‘स्पीकर जोडल्याशिवाय आवाज वाढवू नको’. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये बाहेर जाण्याच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर असतो. भार नसताना जोराचा आवाज दिला तर त्यात व्होल्ट इतके चढतात की आतली गुंडाळी जळू शकते. म्हणजे त्या मशीनला स्पीकर तुटल्याचे दुःख होत असे. ट्रान्झिस्टर आले आणि हे दुःख गेले. नव्या मशीनला स्पीकर नसल्याचे सोयरसुतक नाही; तिला भीती फक्त शॉर्टची. टिकाऊपणा वाढला, पण मुक्या कर्ण्याची बातमी सांगणारी एक वाट त्याबरोबर बंद झाली.

शांततेत तपासायचे कसे?

करंट पाहण्याची युक्ती गाणे चालू असताना ठीक. पण गावच्या पंचायतीचा किंवा कारखान्याचा इशारा देणारा कर्णा वर्षातले बहुतेक दिवस गप्पच असतो. गप्प असताना करंट तसाही नसतो. मग तो शांत आहे की मेला आहे, हे कसे ओळखावे? खरा पेच इथे आहे, आणि त्यावरचे उपाय मोठे सुरेख आहेत.

पहिला उपाय म्हणजे माणसाला ऐकू न येणारा सूर. आपले कान साधारण २० हजार कंपनांपर्यंत ऐकतात, तेही तरुणपणी. चाळिशी उलटली की बरेच कमी. मशीन त्या काठावरचा एक दबका सूर वायरवर सतत सोडत राहते. आपल्याला काहीच ऐकू येत नाही, पण मशीन पाहत असते की तो सूर लाइनच्या शेवटपर्यंत पोचतो की नाही. कुत्र्यांचे कान आपल्यापेक्षा बरेच वर ऐकतात, म्हणून हा सूर फार हळू ठेवावा लागतो. कर्ण्याखाली झोपणाऱ्या कुत्र्याला विनाकारण त्रास नको!

दुसरा उपाय स्वस्त आणि जास्त गावरान. लांबच्या लाइनवर १०० व्होल्टची पद्धत असते. प्रत्येक कर्ण्यात एक लहान ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, आणि सगळे कर्णे एकाच दोन तारांवर माळेसारखे. या माळेच्या अगदी शेवटच्या टोकाला काही हजार ओहमचा एक साधा रेझिस्टर लावतात. मशीन तारेवर बॅटरीसारखा बारीक एकदिशा करंट सोडते. तो कर्ण्यांतून जाऊ नये म्हणून प्रत्येक कर्ण्याच्या वाटेत कपॅसिटर असतो. कपॅसिटर गाणे जाऊ देतो, एकदिशा करंट अडवतो. मग त्या करंटला एकच वाट उरते, शेवटचा रेझिस्टर. ठरलेला करंट वाहतो आहे, म्हणजे तार शेवटपर्यंत शाबूत. करंट शून्य झाला, तार तुटली. करंट वाढला, तारेला तार टेकली. एका रेझिस्टरमधून तीन बातम्या.

आपल्या साऊंडवाल्यांनी हे न शिकता केलेले आहे. कीर्तन सुरू होण्यापूर्वी शेवटच्या कर्ण्याखाली एक पोरगा उभा करायचा आणि ‘आवाज आला की हात वर कर’ म्हणून सांगायचे. तो पोरगा म्हणजेच लाइनच्या टोकाचा रेझिस्टर. फरक इतकाच की पोरगा प्रसाद घेऊन घरी जातो, रेझिस्टर रात्रभर हात वर करून उभा राहतो.

मात्र या पद्धतीत दोन खोटी आहेत. एक, माळेला मध्येच फाटा काढला असेल, म्हणजे खांबावरून उजवीकडे गल्लीत दोन कर्णे नेले असतील, तर त्या फाट्याची बातमी टोकाच्या रेझिस्टरला नसते. फाटा तुटला तरी मुख्य तार शाबूतच दिसते. म्हणून जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे फाटे काढायचेच नाहीत; तार प्रत्येक कर्ण्यात आत जाऊन बाहेर यायला हवी. दुसरी, रेझिस्टर तार पाहतो, कर्णा नाही. आतले युनिट जळलेले असेल तर तार ठीक, कर्णा मुका आणि मशीन समाधानी!

त्यावर तिसरा उपाय, सगळ्या माळेचा एकूण अडथळा मोजण्याचा. हिशेब सोपा आहे. १०० व्होल्टच्या लाइनवर १० वॉटचा कर्णा १,००० ओहमचा दिसतो. असे २० कर्णे एकत्र लावले तर माळ ५० ओहमची. त्यातला एक गेला, १९ उरले, तर माळ ५२.६ ओहमची. फरक जेमतेम पाच टक्के. आता उन्हात तार तापते, पावसात गंजते, तेवढ्यानेही आकडा थोडा इकडेतिकडे होतो. मग मशीनने कितीला बोंब मारायची? तीन टक्क्यांना मारली तर रोज दुपारी उगाच बजर वाजेल. दहा टक्क्यांना मारली तर एक कर्णा मेलेला कळणारच नाही. हा आकडा कुठे ठेवायचा, हे ठरवणे सर्किट बनवण्यापेक्षा अवघड आहे. आणि उगाच वाजणाऱ्या बजरचे पुढे काय होते, ते कुणालाही विचारा. कुणीतरी वैतागून त्याची वायरच काढून टाकतो.

काली परेडच्या मैदानाशेजारी

भोपाळ शहर आपल्या भागातल्या नाटकवेड्या घरांना वेगळ्या कारणाने माहीत होते. १९८२ मध्ये तिथे चार्ल्स कोरिया यांनी रचलेले भारत भवन उभे राहिले आणि त्याच्या रंगमंडळाची धुरा कन्नड रंगभूमीचे बी. व्ही. कारंत यांच्याकडे होती. हिंदी मुलखात जाऊन कानडी माणूस नाटक उभे करतो, याचे कौतुक धारवाडइतकेच बेळगाव-सांगलीलाही होते. २ डिसेंबर १९८४ च्या रविवारच्या रात्रीनंतर मात्र त्या शहराच्या नावाला दुसराच अर्थ चिकटला.

युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते. त्याचे इंग्रजी लघुरूप ‘मिक’. टाकीत पाणी शिरले, आतली उष्णता आणि दाब वाढत गेला आणि मध्यरात्रीनंतर वायू बाहेर पडला. ही कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे. आपल्याला त्यातल्या जोडण्या पाहायच्या आहेत. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षी आधीच बंद केलेली होती. वायू धुऊन काढणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या उंच मनोऱ्याकडे जाणाऱ्या पाइपाचा तुकडा गंजला म्हणून काढून ठेवला होता, आणि नवा बसवलेला नव्हता. मनोरा उभा होता, दिसत होता, पण जोडलेला नव्हता. आपल्या भाषेत सांगायचे तर काटा नाचत होता, कर्णा तुटला होता.

मीटरांचेही तेच. रात्री अकराच्या सुमारास टाकीचा दाब तासाभरापूर्वीच्या २ वरून १० पर्यंत गेलेला दिसला. पण १० हा आकडाही नेहमीच्या मर्यादेत बसणारा होता आणि तिथल्या मीटरांवर कामगारांचा फारसा भरवसा उरलेला नव्हता. खोटी बातमी देणाऱ्या मीटरची खरी बातमीही कुणी ऐकत नाही.

आणि मग भोंगा. तो ॲम्प्लिफायरवरचा कर्णा नव्हता, कारखान्याचा सायरन होता, हे कबूल. पण प्रश्न तोच. पूर्वी कारखान्याच्या आतला इशारा आणि बाहेरच्या वस्तीसाठीचा इशारा एकत्र जोडलेले होते. १९८२ मध्ये ते एकमेकांपासून सोडवण्यात आले, म्हणजे आतला चालू ठेवून बाहेरचा बंद करता येईल. कारण असे की किरकोळ गळतीच्या वेळी आसपासच्या लोकांत उगाच घबराट नको. त्या रात्री साधारण १२ वाजून ५० मिनिटांनी इशारा दिला गेला. बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि ठरल्या पद्धतीप्रमाणे बंद केला गेला. आतला चालू राहिला. आतले कामगार वाऱ्याची दिशा पाहून उलट्या बाजूला निघून गेले. रस्त्यापलीकडच्या जयप्रकाश नगरात लोक झोपलेले होते. बाहेरचा भोंगा पुन्हा सलग वाजला तो दोन वाजून गेल्यावर. तोपर्यंत वायू वस्त्यांतून आणि स्टेशनच्या बाजूने पसरलेला होता.

तिथे कुठलीही तार तुटलेली नव्हती. वर सांगितलेले सगळे उपाय त्या लाइनवर बसवले असते, तरी सगळ्यांनी ‘लाइन ठीक’ असेच सांगितले असते. तोडणारा माणूस होता, आणि त्याने नियमानुसारच तोडले. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जड वाटणारी गोष्ट ही आहे. उगाच वाजणाऱ्या बजरला कंटाळून वायर काढून टाकणे आणि लोकांना उगाच घाबरवायला नको म्हणून भोंगा बंद ठेवणे, या दोन्हींतली मानसिकता एकच.

सायरनने नुसते वाजूनही भागले नसते. काय करायचे हे लोकांना कुणी आधी सांगितलेच नव्हते. तोंडावर ओले फडके धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जा, पळू नका, कारण पळताना श्वास जास्त घेतला जातो. एवढ्या साध्या सूचना होत्या. हे भोंगा सांगू शकत नाही, कर्ण्यातून बोलणारा माणूस सांगू शकतो. हल्ली मोठ्या इमारतींत घंटेऐवजी बोलून इशारा देणारी यंत्रणा बसवतात ती याचसाठी. लगेच झालेल्या मृत्यूंचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता, मध्य प्रदेश सरकारने पुढे ३,७८७ मान्य केले, आणि २००६ च्या सरकारी प्रतिज्ञापत्रात बाधितांची संख्या ५,५८,१२५ दिली आहे. पीडितांच्या संघटना मृतांचे आकडे याहून कितीतरी जास्त मानतात.

इशारा त्याआधीही दिला गेला होता, तोही आमच्यासारख्याच एका लहान साप्ताहिकातून. राजकुमार केसवानी हे भोपाळचे पत्रकार. १९८२ मध्ये त्यांनी आपल्या ‘रपट’ या हिंदी साप्ताहिकात कारखान्याच्या धोक्याबद्दल एकामागून एक लेख लिहिले, १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’तही लिहिले. कर्णा चालू होता. दुसऱ्या टोकाला हात वर करणारे कुणी नव्हते. केसवानी २०२१ मध्ये गेले.

रेल्वेची दुसरी रीत

त्याच रात्री, कारखान्यापासून फार लांब नसलेल्या भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. फलाटावर मुंबईकडे जाणारी गोरखपूर एक्स्प्रेस प्रवाशांनी भरलेली उभी होती. हवेत काहीतरी भयंकर आहे हे ओळखून त्यांनी ती गाडी वेळेची वाट न पाहता सोडायला लावली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या अलीकडच्या स्टेशनांवर थांबवण्यासाठी निरोप पाठवले. त्यांची स्वतःची तब्येत त्या वायूने कायमची बिघडली. २००३ मध्ये ते वारले. अलीकडे त्या रात्रीच्या रेल्वे कर्मचाऱ्यांवर एक मालिका आली, त्यामुळे हे प्रसंग पुष्कळांना ठाऊक झाले आहेत.

मला यात रस आहे तो निरोपाच्या रीतीत. रेल्वेत एका स्टेशनाने दुसऱ्याला महत्त्वाचा निरोप दिला की पलीकडच्याने आपल्याकडचा ‘प्रायव्हेट नंबर’ सांगायचा, तो इकडे वहीत उतरवायचा, अशी जुनी शिस्त आहे. नंबर आला नाही म्हणजे निरोप पोचला नाही. बोलणाऱ्याने आपण बोललो यावर समाधान मानायचे नसते. हा माणसांनी बनवलेला टोकाचा रेझिस्टरच म्हणायचा! कारखान्याच्या भोंग्याला असे परत उत्तर देणारे कुणी नव्हते.

आपल्याकडची दवंडी आठवा. कन्नडमध्ये तिला डंगुर म्हणतात. दवंडीवाला गल्लीत आला की नाही हे सगळी गल्ली पाहत असे. तो चावडीपाशीच डफ बडवून परत फिरला असता तर दुसऱ्या दिवशी पाटलाकडे तक्रार गेली असती. खांबावर कर्णा आला, आवाज दसपट झाला, आणि पोचल्याची खूण तेवढी हरवली.

कायदा काय म्हणतो, घडते काय

भोपाळनंतर कायदे बदलले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले, १९८९ च्या नियमांनी घातक रसायने साठवणाऱ्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा करून दर ६ महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घेणे बंधनकारक केले. बोलक्या इशाऱ्याच्या यंत्रणेसाठी युरोपात ‘ईएन ५४’ हे मानक आहे. त्याप्रमाणे स्पीकरच्या लाइनमध्ये बिघाड झाला तर १०० सेकंदांच्या आत तो दिसलाच पाहिजे. त्यातही शहाणी माणसे एकाच दालनात दोन लाइनी टाकतात, एक कर्णा पहिल्या लाइनवर, पुढचा दुसऱ्या लाइनवर. एक तुटली तरी दालन अर्धे का होईना बोलत राहते.

कागदावर हे सारे आहे. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समधून स्टायरीनचा वायू सुटला, तेव्हा इशारा देणारा सायरन वाजवलाच गेला नव्हता, असे सरकारी समितीने अहवालात नोंदवले. पुन्हा तेच. यंत्रणा होती, वाजवणारा हात नव्हता. आणि ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम ठरली, तेव्हा काही शहरांत वर्षानुवर्षे गप्प असलेले भोंगे आधी दुरुस्त करावे लागले. तालमीचा सर्वांत मोठा फायदा हाच असावा, की भोंगा मेला आहे हे निदान कळते.

आपल्या चावडीवर

आपल्या भागात वायूपेक्षा पाण्याचा धोका मोठा. २००५ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर शिरोळपासून चिक्कोडी, जमखंडीपर्यंतच्या घरांना विसरणे शक्य नाही. कृष्णा-पंचगंगेचे पाणी वाढते तेव्हा मोबाइलची रेंज जाते, वीज जाते. उरतो तो देवळाचा किंवा पंचायतीचा कर्णा. तो एरवी फक्त काकड आरतीला आणि घरपट्टीच्या पुकाऱ्याला वापरलेला असतो, म्हणजे जवळचे एकदोन कर्णे चालतात एवढेच सिद्ध झालेले असते.

मृग लागण्यापूर्वी एका संध्याकाळचे हे काम आहे. मशीन पूर्ण बंद करावे. १०० व्होल्टच्या लाइनला चालू असताना हात लावू नये, चांगला झटका बसतो. मशीनपाशी तारा सोडवून मल्टिमीटरने ओहम मोजावेत आणि तो आकडा मशीनच्या झाकणावर रंगाने लिहून ठेवावा. आजचा आकडा किती, यापेक्षा तो मागच्या वर्षीपेक्षा बदलला का, हे महत्त्वाचे. १०० व्होल्टच्या माळेत असा मोजलेला आकडा ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा असतो, त्यामुळे तो लहान दिसला तर घाबरू नये. अगदी अनंत दिसला, म्हणजे तार मशीनजवळच कुठेतरी गेली.

सुट्ट्या स्पीकरचे तपासणे याहून सोपे. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवतो, आणि तेच बरोबर. ८ हा आकडा गाणे चालू असतानाचा असतो. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल घ्यावा आणि दोन वायरी क्षणभर टेकवाव्यात. ‘टक्’ असा आवाज आला आणि कोन किंचित हलला तर स्पीकर जिवंत. काहीच झाले नाही तर आधी कोनाकडे जाणारी ती विणलेली लवचिक वायर पाहावी. ती दिवसातून हजारो वेळा हलते आणि बहुधा टाक्याजवळच तुटते. तिथे टाका पुन्हा मारला की निम्मे स्पीकर बोलू लागतात. घरी पोरांना हे करून दाखवण्यासारखे आहे. होम थिएटरचा एक कोपरा गप्प असेल तर नवा संच घेण्याआधी दीड व्होल्टचा सेल तरी खर्चावा.

पंचायतीने मात्र यावर भागवू नये. तार धड असली तरी युनिट जळलेले असू शकते, हे वर आलेच आहे. म्हणून प्रत्येक कर्ण्याखाली त्या त्या गल्लीतले एक माणूस उभे करावे, आणि नुसते ‘वन टू थ्री’ न म्हणता पुराच्या वेळी जे सांगायचे आहे तेच सांगून पाहावे. कुठल्या शाळेत जमायचे, जनावरे कुठल्या वाटेने न्यायची, कागदपत्रे कशात बांधायची. मराठीत एकदा आणि कन्नडमध्ये एकदा, कारण घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या आईच्या भाषेतलेच लवकर कळते आणि आपल्याकडे ती प्रत्येक उंबऱ्यात वेगळी असू शकते. ज्या गल्लीतून हात वर आला नाही, तिथे शिडी पाठवावी. कर्ण्याच्या तोंडात पाखरांनी केलेले घरटे निघाले तर पिले उडेपर्यंत तो कर्णा तसाच ठेवून शेजारच्या खांबावर दुसरा टांगावा.